दरबार गेलेल्या गावी दोन दिवस

२००३ साली लक्ष्मीपूजन २५ ऑक्टोबरला, शनिवारी आले होते. मी त्या वेळी जर्मनीत, म्युनिक शहरी व्हायोलिनचे शिक्षण घेत होतो. घर सोडल्यास वर्ष होऊन गेले होते. शुक्रवारी रात्री वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मी रव्याचे लाडू करावयास घेतले. पाक चुकला आणि ताटलीत दगड तयार झाले. खोलीत बसून त्या दगडांकडे पाहत दिवाळी काढण्यापेक्षा कोठे तरी जावे असे मनात आले. म्युनिकहून आगगाडीने दोन तासांवर, सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, साल्झबुर्ग हे मोझार्टचे गाव आहे. पाठीवर एक पिशवी टाकली आणि सकाळच्या गाडीत जाऊन बसलो.

जाण्यास आणखीही एक कारण होते. माझ्या तिथल्या गुरुजींनी मला आणखी दोन वर्षे राहण्याविषयी सुचविले होते, आणि पुढे पोटापाण्याची सोयही लावून देण्याचे आश्वासन दिले होते. नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी उत्तर द्यावयाचे होते. इकडे बडोद्यास अण्णा, म्हणजे माझे वडील, शहात्तर वर्षांचे होते. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या बावन्नाव्या वर्षी झालेला. माझ्या मनाने उत्तर देऊन टाकले होते. ते अण्णांना कोणत्या शब्दांत कळवावे, एवढेच ठरावयाचे राहिले होते.

अण्णा बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात दिलरुबा वाजवीत. सोळाव्या वर्षी ते आजोबांच्या मागे बसू लागले, आणि बाविसावे सरते न सरते तोच, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. म्हणजे दरबारची चाकरी त्यांना अवघी पाच-सहा वर्षेच घडली. पण पुढची साठ वर्षे ते त्या चाकरीतच होते, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही. पागोटे बांधल्यावाचून त्यांनी कधी बैठकीत वाद्याला हात लावला नाही. हजेरीची वेळ, बसण्याचा क्रम, बाहेरगावी वाजवायचे तर आधी परवानगी, हे सारे ते आम्हांला अशा रीतीने सांगत की जणू उद्या सकाळी राजवाड्यावर जावयाचे आहे. फैयाजखाँसाहेबांना त्यांनी दरबारात ऐकले होते. खाँसाहेब १९५० साली गेले. अण्णा म्हणत, "आधी राज्य गेले, मग सूर गेला."

साल्झबुर्गला उतरलो तेव्हा पाऊस लागला होता. तिथल्या लोकांनी आपल्या या पावसाला दोरीचा पाऊस असे नाव ठेवले आहे. आपल्या मृगासारखा तो अंगावर येत नाही. बारीक, सरळ, न तुटणारी धार दिवसभर लोंबत राहते. साल्झाख नदीवरचा पूल ओलांडला की समोर जुने गाव, गावाच्या पाठीशी डोंगराचा कडा आणि कड्यावर किल्ला. हा किल्ला १०७७ साली बांधावयास घेतला. गावाचे नाव मिठावरून पडले आहे. जवळच्या डोंगरांतून निघणाऱ्या मिठाच्या पैशावर येथील धर्माधिकारी गबर झाले, आणि धर्माधिकारीच येथील राजेही होते. आर्चबिशप ही त्यांची पदवी. देऊळही त्यांचे आणि मुलूखही त्यांचा. तात्पर्य, साल्झबुर्ग हे एक लहानसे स्वतंत्र संस्थानच होते. त्याला दरबार होता, दरबाराला वाद्यवृंद होता, आणि त्या वाद्यवृंदात लेओपोल्ड मोझार्ट नावाचा एक व्हायोलिनवादक चाकरीस होता. जग त्याला त्याच्या मुलामुळे ओळखते. मी मात्र दरबारी वादकाचा मुलगा असल्यामुळे, माझे लक्ष त्या दोन दिवसांत पुनःपुन्हा बापाकडेच जात राहिले.

गेट्राइडेगासे हा तिथला अरुंद, उंच घरांचा बाजार. प्रत्येक दुकानावर लोखंडी नक्षीची पाटी आडवी बाहेर आलेली. आपल्या मांडवीच्या अंगच्या गल्ल्यांची आठवण व्हावी इतकी दाटी. ९ क्रमांकाच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, २७ जानेवारी १७५६ रोजी वोल्फगांग मोझार्ट जन्मला. घर मालकीचे नव्हे, भाड्याचे. मालक हागेनाउअर हा मसाल्याचा व्यापारी. या बिऱ्हाडात लेओपोल्डने सव्वीस वर्षे काढली. सात मुले झाली, त्यांतली दोनच जगली: थोरली मारिया आना, जिला घरात नानर्ल म्हणत, आणि धाकटा वोल्फगांग. स्वयंपाकघर अंधारे आहे. काचेच्या पेटीत एक छोटेसे व्हायोलिन ठेवले आहे, ते त्या मुलाचे. लोकांची रांग त्या व्हायोलिनपाशी अडते, आणि ते योग्यच आहे.

मी अडलो तो दुसरीकडे. मुलगा जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १७५६ साली, लेओपोल्डने व्हायोलिन शिकविण्यावर एक मोठा ग्रंथ छापला. गज कसा धरावा, कसा धरू नये, याची चित्रे त्यात आहेत. चुकीच्या पद्धतीचेही चित्र काढणारा मनुष्य खरा शिक्षक असला पाहिजे. मुले कोठे चुकतात हे त्याला रोज दिसत असते. दरबारच्या गायक मुलांना व्हायोलिन शिकविणे हे त्याचे एक कामच होते. आपल्या बडोद्यातही सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि स्वरलिपीची पुस्तके छापली. कलावंतांची विद्या शाळेतून आणि पुस्तकातून शिकविता येते, असे म्हणण्याचे धैर्य दोन्ही ठिकाणी दरबारच्या चाकरानेच दाखविले.

आणखी एक गोष्ट. १७५९ साली लेओपोल्डने मुलीसाठी स्वरांची एक वही बांधली. तिच्यावर मालकी नानर्लची. पुढे त्याच वहीतून धाकटा शिकू लागला, आणि बापाने त्या त्या तुकड्याखाली टिपणे केली. एका टिपणात असे आहे की, हा तुकडा वोल्फगांगने २६ जानेवारी १७६१ रोजी, पाचवे वर्ष पुरे होण्याच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, अर्ध्या तासात आत्मसात केला.

हे टिपण मला आधी पुस्तकातून ठाऊक होते. पण त्या घरात उभा असताना ते आठवले आणि मी दचकलो. कारण अशी एक वही आमच्या घरीही आहे. लाल खारवी कापडाचा पुठ्ठा, आणि वर अण्णांच्या बोरूच्या अक्षरात नाव आहे ते माझ्या ताईचे. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी थोरली. वही तिच्यासाठी घातलेली. भूप, यमन, काफी, एकामागून एक. प्रत्येकीखाली तिथी, वार आणि वेळ. पुढे ताईचे लग्न झाले, ती इंदूरला गेली, आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर माझी नोंद सुरू झाली. मी ती वही लहानपणापासून शेकडो वेळा उघडली असेन. पण नेहमी माझ्या पानांवर.

दुपारी संत पेटरच्या मठातील स्मशानभूमीत गेलो. कड्याला टेकून असलेली ही जागा फार जुनी, आणि फुलांनी इतकी जपलेली की प्रथमदर्शनी तिला बाग समजावे. कित्येक थडग्यांवर लाल काचेच्या आत दिवे लावलेले होते. घरी त्या वेळी लक्ष्मीपूजन उरकून ओसरीवर पणत्या लागल्या असतील, आणि मी परमुलखात पावसात उभा राहून मृतांचे दिवे पाहत होतो. आई हे ऐकती तर तिने मला तिथूनच आंघोळ करून यावयास सांगितले असते.

तेथील एका सामाईक थडग्यात नानर्ल आहे. लहानपणी भावाबरोबर तिनेही युरोपभर राजेरजवाड्यांपुढे वाजविले. ती फार चांगले वाजवी असे समकालीनांचे मत होते. १७६९ च्या डिसेंबरात बाप मुलाला घेऊन इटलीस निघाला तेव्हा नानर्ल आईबरोबर घरी राहिली. मुलगी अठरा वर्षांची झाली होती. ती स्वतःही रचना करी. भावाने पत्रातून तिच्या एका रचनेची वाखाणणी केली आहे, परंतु ती रचना राहिली नाही. १७८४ साली तिचे लग्न एका विधुर अंमलदाराशी झाले आणि ती सांक्ट गिल्गेनला गेली. नवरा वारल्यावर १८०१ साली ती साल्झबुर्गला परतली आणि मुलींना पियानो शिकवू लागली. १८२९ साली वारली. एवढीच तिची हकीकत.

तिथे उभा असताना ताईचा हात मला आठवला. माझ्यापेक्षा तिचा हात गोड, हे आमच्या घरात सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नसे. मी बोलत नसे, कारण बोलण्यात माझाच तोटा होता.

सायंकाळी सहाला राजवाड्याच्या चौकात आलो. तिथल्या मनोऱ्यात पस्तीस घंटांचा संच आहे. एका आर्चबिशपने अँटवर्पहून घंटा विकत आणल्या, आणि १७०४ पासून तो वाजू लागला. घंटा वाजून थांबल्या, आणि वर किल्ल्यावरून एकदम हंबरडा ऐकू आला. हा तिथला प्रसिद्ध 'बैल'. १५०२ साली किल्ल्यावर बसविलेले हे शिट्ट्यांचे यंत्रवाद्य. फिरत्या नळकांड्यावरच्या खुंट्यांनी चाल वाजते, आणि चालीच्या आधी व नंतर सारे स्वर एकदम डरकाळी फोडतात. ती डरकाळी पांढरी चारचा षड्ज, त्याचा गंधार आणि पंचम मिळून झालेली आहे. सकाळ-संध्याकाळ गावाला वेळ कळावी म्हणून ही योजना. बारा महिन्यांच्या बारा चालींपैकी काही लेओपोल्डने या बैलासाठी रचून दिल्या, आणि १७५९ साली त्या बाराही छापल्या. आपल्याकडे राजवाड्याच्या दरवाजावर चौघडा झडे, त्यातलाच हा प्रकार. राजा गेला तरी बैल गावासाठी डरकाळतो आहे.

राजा गेला तो असा. शेवटचा सत्ताधीश आर्चबिशप कोलोरेडो १८०० साली फ्रेंच फौजेच्या भीतीने पळाला. १८०३ साली संस्थान खालसा झाले. आणि १८१६ साली ऑस्ट्रियात सामील झाले. याच कोलोरेडोशी वोल्फगांगचे वाजले. १७७७ साली बापाने मुलाला घेऊन दौऱ्यावर जाण्यासाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. मुलाने नोकरी सोडली आणि आईला बरोबर घेऊन निघाला. पुढच्या जुलैत आई पॅरिसमध्ये वारली. बाप दरबारात हजेरी देत राहिला होता. मुलगा हात हलवीत परत आला आणि १७७९ साली दरबारचा ऑर्गनवादक झाला, वर्षाला ४५० गुल्डेन. १७८१ साली आर्चबिशपच्या लवाजम्याबरोबर तो व्हिएन्नात असताना त्याला खिदमतगारांच्या पंक्तीला, आचाऱ्यांच्या वर बसवीत, अशी तक्रार त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. अखेर जूनमध्ये आर्चबिशपच्या एका सरदाराने त्याला लाथ मारून दाराबाहेर घातले, आणि तो मोकळा झाला.

हा प्रसंग आम्हां संगीतवाल्यांत मोठ्या अभिमानाने सांगितला जातो: कलावंताने पट्टा तोडला. मीही म्युनिकमध्ये असाच सांगत असे. पण त्या काळातली मुलाची पत्रे आज वाचावयास मिळतात, आणि बापाची उत्तरे राहिलेली नाहीत. एकाच बाजूचा आवाज शिल्लक आहे. त्या रात्री धर्मशाळेवजा वसतिगृहात, आठ जणांच्या खोलीत, मी अण्णांना पत्र लिहावयास बसलो. चार ओळी झाल्या आणि लक्षात आले की माझे पत्र वोल्फगांगच्या पत्रासारखे होत चालले आहे. ते फाडले.

रविवारी सकाळी देवळाच्या दारात पोहोचलो तर सर्वत्र शुकशुकाट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे तासाने मागे घेतात, हे मी विसरलो होतो. तो फुकटचा तास मी देवळात काढला. हे देऊळ १६२८ साली पवित्र करण्यात आले. १९४४ साली बाँब पडून त्याचा घुमट कोसळला आणि १९५९ पर्यंत दुरुस्ती चालली. दाराशी सिंहांच्या पाठीवर ठेवलेले स्नानपात्र आहे, त्यात वोल्फगांगचा बाप्तिस्मा झाला. दहा वाजता प्रार्थना सुरू झाली. लोकांची तोंडे वेदीकडे, आणि गाणारे-वाजविणारे मागे, उंच सज्जात. मान वळविल्याशिवाय ते कोणाला दिसत नाहीत, आणि मान कोणी वळवीत नाही. सूर मात्र पाठीवरून हात फिरवावा तसा येत होता.

दुपारी पुलापलीकडे लिंट्सरगासेत संत सेबास्टियनच्या स्मशानभूमीत गेलो. तिथे लेओपोल्डची शिळा आहे. चव्वेचाळीस वर्षे त्याने एका दरबाराची चाकरी केली. १७६३ मध्ये उपप्रमुख झाला, प्रमुख कधीच झाला नाही. १७८५ साली तो व्हिएन्नास मुलाकडे गेला असता हायडनने त्याला त्याच्या मुलाच्या थोरवीची साक्ष दिली. १७८७ च्या मेमध्ये तो वारला. मुलगा व्हिएन्नात होता. साल्झबुर्गला तो शेवटचा आला १७८३ साली. २६ ऑक्टोबरला संत पेटरच्या देवळात त्याची मोठी प्रार्थनारचना गायिली गेली आणि दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, तो पुन्हा आला नाही. मी शिळेपुढे उभा होतो ती तारीखही २६ ऑक्टोबरच होती. दिवाळीचा पाडवा.

स्टेशनाजवळच्या दूरध्वनीच्या खोक्यातून कार्ड घालून घरी फोन लावला. बडोद्यास संध्याकाळचे सात वाजले होते. आईने फराळाची यादी सांगितली आणि फोन अण्णांकडे दिला. मी त्यांना देवळातल्या सज्जाबद्दल सांगितले.

"म्हणजे पाठीमागे बसून वाजवायचे?" ते म्हणाले. "आम्हांला निदान महाराज समोर दिसत."

मग मी बैलाबद्दल सांगितले. त्यांनी विचारले, "कुठल्या पट्टीत ओरडतो?"

"पांढरी चार."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "ताईची पट्टी."

मी मनाशी जुळविलेली वाक्ये तशीच राहिली. "तुमची तब्येत कशी आहे?" एवढेच विचारले. "तू तिकडे नीट जेवतोस ना?" एवढेच त्यांनी विचारले. कार्डावरचे पैसे संपले.

मी २००४ च्या उन्हाळ्यात परत आलो. साल्झबुर्गने माझे मन पालटविले असे मी म्हणणार नाही. एका थडग्यापुढे उभे राहून आयुष्याचे निर्णय होत नसतात. आलो याचा पश्चात्ताप झालेले दिवस आहेत, आणि गुरुजींचे ते पत्र अजून कपाटात आहे. पण बापाची उत्तरे राहिली नाहीत ही गोष्ट मात्र डोक्यातून गेली नाही. पुढची पाच वर्षे अण्णांची उत्तरे मी समोर बसून ऐकली. त्यांतली बरीचशी माझ्या गजाच्या पकडीविषयी होती आणि एकही स्तुतीचे नव्हते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी दरबारची आठवण असेल: एखादी सनद, एखादी काठी, आजोबांचे छायाचित्र. दरबार गेल्याचे दुःख आपण जपून ठेवले आहे. साल्झबुर्गकरांनाही ते होते. परंतु १८४१ साली गावच्या लोकांनी संगीताची संस्था काढली, पुढल्या वर्षी चौकात पुतळा उभारला, १८८० साली त्या भाड्याच्या बिऱ्हाडाचे संग्रहालय केले, आणि १९२० पासून तिथे उन्हाळ्याचा संगीत-नाट्योत्सव भरतो. लेओपोल्ड ज्या दुसऱ्या घरात वारला, त्याचा बराच भाग १९४४ च्या बाँबने उडाला होता. तेही पुन्हा बांधून १९९६ साली लोकांसाठी उघडले. यातले काहीही राजाने केले नाही. आपल्या गावात कोणता कलावंत कोणत्या बिऱ्हाडात राहत होता, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारून लिहून ठेवावयास राजाज्ञा लागत नाही.

अण्णा २००९ साली गेले. दिलरुबा माझ्याकडे आला. वही मी ताईला दिली, कारण नाव तिचेच आहे. ती आता इंदूरला चार मुलींना शिकविते. वही पोहोचल्यावर आठ दिवसांनी तिचा फोन आला. मला वाटले, तिला भरून आले असेल.

ती म्हणाली, "अरे, अण्णांनी यमनची तारीख चुकीची घातली आहे. तो मला आधीच्याच महिन्यात येत होता. त्यांनी ऐकला उशिरा."

मी तिला म्हटले, "मग बोरू घे आणि दुरुस्त कर." तिने केले की नाही, ते अद्याप मला सांगितलेले नाही.